काका गेले तेव्हा मी इंग्रजीत लिहिलं



मागच्या महिन्यात दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर आवरायला काढलं. माळ्यावर दोन गठ्ठे सापडले. पहिला आजोबांचा, लाल फडक्यात बांधलेला. त्यात पोस्टकार्डं, पाकिटं, काही मोडीतली पत्रं (ती आता घरात कोणालाच वाचता येत नाहीत), बाकीची बाळबोधीत. दुसरा गठ्ठा माझा. कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने छापलेले सत्तावीस ईमेल, १९९७ ते २००२ मधले. सगळे इंग्रजीत.

मुलगी शेजारी बसली होती. दोन-चार कागद चाळून म्हणाली, "बाबा, हे ह्यूस्टनचे काका ना? तुम्ही दोघं तर फोनवर मराठीतच भांडता. मग मेल इंग्रजीत का?"

मी सवयीने म्हणालो, "तेव्हा मराठी टाइप करता यायचं नाही." उत्तर खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं इथं लिहितो. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादकडच्या आपल्या पिढीतल्या अनेकांची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच असेल असं वाटतं.

आधी आजोबांचा गठ्ठा. आपल्या पत्रांना एक ठरलेली चौकट होती. वर "श्री". मग मायना. वडिलांना "तीर्थरूप" आणि "शिरसाष्टांग नमस्कार", धाकट्याला "चिरंजीव" आणि "अनेक आशीर्वाद", बरोबरीच्याला "सा. न. वि. वि." मग "इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम वरचेवर कळवीत जावे." शेवटी "कळावे, लोभ असावा." कोण मोठं, कोण धाकटं, कोणाची सवाष्ण, कोण विधवा, हे पहिल्या ओळीतच कळायचं. अशुभाच्या कार्डावर "श्री" नसायचा आणि ते कार्ड वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. म्हणजे मजकूर वाचायच्या आधीच कागद बोलायचा.

भारतात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, किंमत पाव आणा. स्वस्त, पण उघडं. पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत कोणीही वाचावं. पाकीट आलं तरी ते फोडून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जायचं. त्यामुळे आपलं मराठी पत्र हे मुळात घराने घराला लिहिलेलं पत्र. मित्राने मित्राला लिहिलेली पत्रं आजोबांच्या गठ्ठ्यात शोधली, तर फक्त चार निघाली. त्यातही निम्मा मजकूर "घरी सर्वांस नमस्कार सांगणे" असा.

आता इंग्रजीकडे येऊ. बडोद्याला इंग्रजी पत्र नवं नव्हतं. सयाजीराव महाराजांच्या काळात (१८७५ ते १९३९) इंग्रजी ही दरबारी पत्रव्यवहाराची, रेसिडेंटशी बोलायची भाषा. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे संस्थानच्या नोकरीत होते, कॉलेजात शिकवायचे आणि महाराजांना चांगला इंग्रजी मजकूर हवा असला की त्यांना बोलावणं जायचं. त्याच महाराजांनी देशी भाषांचीही तेवढीच काळजी घेतली. १८९० साली निघालेल्या कलाभवनात गज्जरांनी धंदेशिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह धरला. राज्यकारभारातल्या शब्दांचा 'सयाजी शासन शब्द कल्पतरू' १९३१ साली निघाला, त्यात गुजराती, मराठी, इंग्रजी धरून आठ भाषा आहेत. पण हे सगळं कामकाजाचं इंग्रजी, कामकाजाची मराठी. "काय रे, कसा आहेस" हे इंग्रजीत लिहायची वेळ आजोबांवर कधी आलीच नाही.

आम्ही शिकलो त्याच कलाभवनात. तोपर्यंत ते विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी झालं होतं आणि सगळं शिक्षण इंग्रजीत. आमची चौकडी होती. मी, दांडिया बाजारातला. दुसरा रावपुऱ्यातला, जो पुढे ह्यूस्टनला गेला. तिसरा गुजराती, मांडवीकडचा. चौथी मैत्रीण, मूळची इंदूरची, मामांकडे राहून शिकणारी. बोलायचो काय? मराठी, गुजराती, हिंदी, सगळ्याची मिसळ. "चल ने यार, शेवउसळ खाऊ, मग सबमिशनचं बघू." या एका वाक्यात किती भाषा आहेत मोजा. बोलताना कधी अडलं नाही.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये रावपुऱ्यातला एमएस करायला गेला. पहिले दोन महिने निळी एअर लेटर्स चालली, मराठीत. जायला पंधरा दिवस, उत्तर यायला पंधरा. त्याने थंडी पडली म्हणून लिहावं आणि आपलं "स्वेटर घाल" पोचेपर्यंत त्याने नवा कोट घेतलेला असायचा. मग त्याने कळवलं, "ईमेल अकाउंट काढ, फुकट असतं."

भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, आधी मोठ्या शहरांत. हॉटमेल ४ जुलै १९९६ ला निघालं. त्यामुळे घरी संगणक नसला तरी कॅफेत बसून स्वतःचा पत्ता काढता येऊ लागला. सयाजीगंजात एक कॅफे होता. प्लायवूडचे खोपटे, मोडेमचा किर्र आवाज, आणि तासाचा दर असा की बाहेर निघताना त्या दिवशीची शेवउसळ रद्द. मालक पाठीमागून ओरडायचा, "दस मिनट बाकी."

त्या दहा मिनिटांत मराठी लिहिणं शक्यच नव्हतं. कारण सांगतो. संगणकाच्या ज्या सांकेतिक तक्त्यावर तेव्हाचा ईमेल चालायचा तो अमेरिकेत १९६३ साली ठरलेला. त्यात जागा १२८. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं यातच संपल्या. आपल्या लिप्यांसाठी सरकारी प्रमाण १९९१ साली झालं, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीही आली. पण घरोघरच्या यंत्रात ती उतरायला विंडोज २००० उजाडलं. मधल्या काळात मराठी फॉन्ट होते, छापखान्यात आणि डीटीपीवाल्यांकडे. तुम्ही एका फॉन्टमध्ये लिहावं आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की "प्रिय मित्रा" च्या जागी उलटीसुलटी चिन्हं. रोमन अक्षरांत मराठी लिहून बघितलं. के, ए, एल लिहिलं की ते काल, काळ, कळ, कल यातलं काय? एकदा मी त्याला विचारलं, "कळ थांबली का?" दाढ दुखत होती त्याची. त्याने वाचलं "काल थांबली का?" आणि घाबरून उलट विचारलं, "कोण थांबली? तुला कोणी सांगितलं?" त्या एका गैरसमजातून एक प्रकरण बाहेर आलं, ते इथं नको.

तर इंग्रजी आलं ते नाइलाजाने. पण राहिलं ते नाइलाजाने नाही. मुलीला जे सांगितलं नाही ते हेच.

पहिले मेल बघितले तर हसू येतं. शाळेत रेन अँड मार्टिनमधून पत्रलेखन शिकलेलो. माझ्या पहिल्याच मेलची सुरुवात, "आय ॲम क्वाइट वेल हिअर अँड होप द सेम फ्रॉम यू." आज कळतं की हे "इकडील क्षेम, तिकडील क्षेम" च इंग्रजी धोतर नेसून आलेलं. शेवटी "युवर्स लव्हिंगली". त्याने उत्तरात लिहिलं, साहेबी पोरं इथं असं लिहीत नाहीत, नुसतं "हाय" म्हणतात आणि मुद्द्यावर येतात. खाली नुसतं नाव.

हे त्या माध्यमाच्या रक्तातच होतं. १९७८ साली लिकलायडर आणि वेझा या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी नोंदवून ठेवलंय की या टपालात माणसं त्रोटक लिहितात, टायपिंगच्या चुका तशाच ठेवतात, वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसालाही तसंच लिहितात, आणि कोणाला त्यात अपमान वाटत नाही. आपल्या मायन्याच्या जगातून आलेल्या मुलाला हे केवढं मोकळं वाटलं असेल विचार करा.

मैत्रिणीचंच घ्या. कॉलेज संपल्यावर ती इंदूरला परत गेली. वर्गात "अगं ए" म्हणत होतो, पण तिला मराठीत पत्र लिहायचं तर मायना काय? "प्रिय" लिहिलं तर तिच्या घरी चौकशी समिती बसेल. "कु." लिहून "सा. न. वि. वि." घातलं तर ती स्वतःच हसत सुटेल. मराठीत मुलाने मुलीला निव्वळ मैत्रीण म्हणून लिहायचा मायनाच आमच्याकडे नव्हता. "हाय" ने तो प्रश्न एका अक्षरात सोडवला. "डिअर" म्हणजे "प्रिय" नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती लग्नाला नाही म्हणतेय, तिला नोकरी करायचीय, घरात कोणी ऐकत नाहीये, हे तिने मला लिहिलं ते इंग्रजीत. मराठीत हे पत्र लिहिलंच गेलं नसतं, आणि लिहिलं असतं तर माझ्या आईने आधी वाचलं असतं.

गुजराती मित्रही त्याच धाग्यात. तो मराठी बोलायचा झकास, पण वाचायला लागला की अडखळायचा. इंग्रजीत चौघांना एकाच वेळी लिहिता यायचं, कोणी पाहुणा नाही.

आणि ते इंग्रजी तरी कुठे साहेबाचं राहिलं? मराठीत "ये ना", "येशील की", "ये रे", "ये हं" या एवढ्याशा शेपटांत सगळा सूर असतो. इंग्रजीत ती शेपटं नाहीत. अमेरिकेतल्या लोकांनाही हीच अडचण. १९ सप्टेंबर १९८२ ला स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात सुचवलं की गंमत आहे हे कळावं म्हणून अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस काढा, आडवा हसरा चेहरा दिसतो. आम्ही तो चेहराही घेतला आणि आमची शेपटंही लावली. "कम सून ना रे." "डोन्ट बी सो शहाणा." सत्तावीस कागदांत असं वाक्य नसलेला एकही नाही.

२६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला भूकंप झाला. केंद्र कच्छमध्ये, पण बडोद्यात आम्ही सगळे रस्त्यावर. फोन लागेनात. तिकडे ह्यूस्टनला तो रात्रभर टीव्हीसमोर. दुपारी मी कॅफे गाठला आणि तीन शब्द पाठवले, "ऑल सेफ यार." पुढे त्याने सांगितलं की त्या "यार" मुळे त्याला खात्री पटली. नुसतं "ऑल सेफ" असतं तर वाटलं असतं कोणीतरी धीर द्यायला लिहिलंय.

आता ते कागद छापले का, ते सांगतो. त्याच्या आईला, आमच्या काकूंना, इंग्रजी येत नव्हतं. फोन महाग, रविवारी पाच मिनिटं. म्हणून त्याचा मेल आला की मी छापून घ्यायचो आणि रावपुऱ्यात जाऊन वाचून दाखवायचो. काकू चहा टाकायच्या, काका झोपाळ्यावर. मी कागद बघत मराठीत सांगायचो. आणि मंडळी, कबूल करतो, मी भर घालायचो. तो बिचारा लिहायचा, "टेल आई आय ॲम फाइन." एवढंच. मी सांगायचो, "काकू, तो म्हणतो तुमच्या हातच्या भरताची आठवण येते. थंडीत विशेष." इंग्रजी मेलमध्ये माया कमी पडते असं मला वाटायचं, म्हणून पदरची घालायचो. तो परीक्षेत एका विषयात आपटला, ते मात्र गाळलं.

२००२ च्या पावसाळ्यात काका गेले. अचानक, पहाटे. त्याच्या मोठ्या भावाने फोन केला, पण त्याला तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. तो आला, दिवसकार्य झालं, परत गेला. त्या दहा-बारा दिवसांत घरात इतकी माणसं की आमचं धड बोलणं झालं नाही. तो गेल्यावर मी लिहायला बसलो.

काय लिहू? हात कीबोर्डवर. "काका गेले रे" हे इंग्रजीत कसं म्हणायचं? "रे" कुठे ठेवू? भूकंपाच्या दिवशी "यार" आपोआप आलं होतं, आज ते उद्धट वाटलं. गंमत, भांडण, प्रेमप्रकरण, पगार, सगळं आम्ही त्या भाषेत केलं होतं. मरण केलं नव्हतं. मग मी तेव्हा नोकरी करत होतो तिथल्या शोकपत्रांचा साचा आठवला. "आय ॲम डीपली सॅडन्ड बाय द सॅड डिमाइज ऑफ युवर रिस्पेक्टेड फादर. मे द डिपार्टेड सोल रेस्ट इन पीस." खाली पूर्ण नाव. आडनावासकट.

त्याचं उत्तर आलं, "थँक यू फॉर युवर काइंड वर्ड्स."

त्यानंतर मेल विरळ झाले. महिन्याचे तीन महिने, मग दिवाळीला एक, मग तोही नाही. मला वाटलं तो तिकडचा झाला. त्याला काय वाटलं ते कळायला सहा वर्षं गेली. २००८ ला तो आला, सुरसागरच्या कठड्यावर बसलो होतो. म्हणाला, "तू माझ्या बाबांच्या झोपाळ्यावर बसून चहा प्यायचास. आणि तुझा तो मेल बघून मला वाटलं बँकेकडून आलाय. बाबा गेल्यावर मला एकाच माणसाशी बोलायचं होतं, आणि त्याने मला आडनावासकट सही करून पाठवली."

मी म्हणालो, "मला इंग्रजीत सुचलं नाही रे."

तो म्हणाला, "मग चुकीच्या इंग्रजीत लिहायचं. 'काका गेले' एवढं रोमन अक्षरांत लिहिलं असतंस तरी मला वाचता आलं असतं. के, ए, एल चार प्रकारे वाचणारा माणूस आहे मी."

त्यानंतर आमचं बरं झालं. पण ही गोष्ट मी विसरलो नाही. इंग्रजीने आम्हाला दगा दिला असं मी म्हणणार नाही. चार मित्रांना बरोबरीने, घरच्यांच्या नजरेआड, मायन्याशिवाय लिहायला तिनेच शिकवलं. ते आजोबांच्या मराठीने दिलं नव्हतं. चूक माझी ही की, दुःखाच्या वेळी मी आमचं ते मिसळीचं इंग्रजी सोडून साच्यातलं इंग्रजी उचललं. साचा आजोबांकडेही होता. पण त्यांच्या साच्यात "श्री" गाळण्याची सोय होती, कार्ड फाडायची सोय होती. न लिहिता सांगता यायचं. माझ्या उसन्या साच्यात तसलं काही नव्हतं, नुसती सभ्यता होती.

तो मेल आज कुठेच नाही. फुकटच्या खात्यात काही दिवस गेलो नाही की सगळं पुसलं जायचं. माझे पाठवलेले सगळे मेल तसेच गेले. आजोबांची पाव आण्याची कार्डं टिकली आणि आमचं विसाव्या शतकाच्या अखेरचं टपाल हवेत विरलं. टिकलं ते फक्त काकूंसाठी छापलेलं.

काकू २०१६ ला गेल्या. रावपुऱ्याचं घर रिकामं करताना त्याने हा गठ्ठा माझ्या हातात दिला. "आईने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले होते. तूच वाचून दाखवायचास, तूच ठेव." मी तसाच माळ्यावर टाकला. मागच्या महिन्यापर्यंत एकही कागद उलटा करून बघितला नव्हता. बघितला तो मुलीने.

मागे पेन्सिलने काकूंचं अक्षर. प्रत्येक कागदावर तारीख, आणि मी जे सांगितलं ते दोन ओळीत. वर "श्री". एकावर असं, "थंडी फार पडली. कोट घेतला. प्रकृती बरी. माझ्या हातच्या भरताची आठवण काढतो."

इंग्रजी मजकूर पुढे, माझी भर मागे. आणि काकूंनी जपली ती मागची बाजू.

मी फोटो काढून त्याला पाठवला. खाली खरं काय ते सांगून टाकलं, की भरताचं तू लिहिलं नव्हतंस, मी घातलं होतं. बराच वेळ काही नाही. मग देवनागरीत उत्तर आलं. आता फोनवर ते सहज येतं.

"मी लिहिलं नव्हतं रे. पण आठवण यायची."

मंडळी, तुमच्या घरात असे छापलेले मेल कुठे डब्यात, फायलीत असतील तर बघा. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या, बेळगावच्या, हैदराबादच्या घरांतही असतील. रद्दीत घालू नका. आणि घालायच्या आधी एकदा कागद उलटा करून बघा.